मुलींच्या कादंबऱ्यांवरचा माझा अहवाल

कादंबऱ्या खुर्चीत बसून वाचायच्या की झोपाळ्यावर, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. मी झोपाळा निवडला. जालन्याच्या वाचनालयात पुढे जे झालं त्याला खरं तर तो पाय जबाबदार आहे. पण गावात खुर्चीला कोणी नावं ठेवत नाही, मला ठेवतात.

(माझी ओळख थोडक्यात करून देतो. नाव गिरिधर. पुण्याला राहून लॉजिक घेऊन बी. ए. झालो. हैदराबादेहून निघणाऱ्या एका मराठी साप्ताहिकाचा जालन्याचा बातमीदार म्हणून बावीस वर्षं लेखणी झिजवतो आहे. ज्याच्याशी मी भांडलो नाही असा माणूस या गावात अजून सापडायचा आहे.)

मिशनच्या मुलींच्या शाळेत एस्तेरबाई साळवे मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी बारा ते सोळा वर्षांच्या मुलींसाठी तीन ख्रिस्ती कादंबऱ्या लिहिल्या, नगरला छापून घेतल्या आणि एका पेटीत घालून आमच्या वाचनालयाला भेट म्हणून पाठवल्या. आमच्या वाचनालयात गुरुवारी दुपारचे दोन तास फक्त बायका-मुलींचे असतात. हे दोन तास मिळवायला त्यांना चार वर्षं लागली. आणि मिळाल्यावर त्यांनी वाचायचं काय? मुलींच्या कपाटात एक पाकशास्त्र होतं, तेही अनारशांपर्यंतच शिल्लक राहिलेलं, आणि एक पंचांग, तेही मागल्या सालचं.

पेटी आली तशी कमिटीची बैठक भरली. अध्यक्ष काकासाहेब वकील. त्यांच्या उजव्या हाताला कापसाचे अडते बद्रीनाथ. बद्रीनाथांनी पेटीतलं सगळ्यात वरचं पुस्तक दोन बोटांत धरून उचललं.

"ख्रिस्ती कादंबऱ्या! पोरी बिघडून जातील. पेटी वापस करा, आन् मी तर म्हनतो, त्यो गुरुवार बी बंद करून टाका. झंझटच नको."

"तुम्ही वाचल्या का?" मी विचारलं.

"वाचायचं काय त्याच्यात? नाव बघा की. 'मार्थाची ओंजळ'. मार्था!"

"म्हणजे वाचलेल्या नाहीत."

"ताट बघून कळतंय की वाढलंय काय."

इथे माझं डोकं फिरलं. मी टेबलावर मूठ आपटली (दौत कलंडली, काकासाहेबांचं उपरणं निळं झालं) आणि कडाडलो, "न वाचता मत देणारा माणूस हा समाजाचा शत्रू आहे! ओळन् ओळ वाचल्याशिवाय पुस्तकाविषयी चकार शब्द काढायचा हक्क कोणालाही नाही. मग तो कमिटीवर असो की तख्तावर!"

तख्ताचं नाव निघताच काकासाहेबांनी घाईघाईने खिडकी लावून घेतली. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी काढावी लागते, आणि आमच्या बैठकीची परवानगी 'ग्रंथांना वाळवी लागल्याबाबत विचार' एवढ्याच विषयापुरती होती.

"बराबर आहे तुमचं," ते हळू आवाजात म्हणाले. "मंग तुम्हीच वाचा. येत्या रविवारी लेखी अहवाल द्या. चांगल्या म्हणालात तर ठेवून घेऊ. खराब म्हणालात तर पेटी वापस, आणि गुरुवारही बंद. बद्रीनाथ, कबूल?"

"बिलकुल कबूल."

पेटी खांद्यावर घेऊन मी घरी आलो. बायको सगुणाबाई ओट्यावर तीळ पाखडत होती. माझी चौदा वर्षांची मुलगी उमा पेटीकडे धावली. ती एस्तेरबाईंच्याच शाळेत आहे.

"अण्णा, ह्या तुम्ही पास करणार?"

"पास की नापास ते वाचल्यावर ठरेल. मी न्यायाधीश आहे."

"पण नापास केल्या तर आमचा गुरुवार जाईल ना?"

"वाचून लिहीन, उमा. ओळन् ओळ. माझा शब्द."

उमाचा चेहरा असा उजळला की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. सगुणाबाईने सूप खाली ठेवलं.

"वाचा म्हंजे वाचा बरं. सभेसारखं करू नका."

'सभेसारखं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. जालन्यात सभा तीन तास उशिरा सुरू होते आणि डाकगाडी मात्र वेळेवर सुटते. त्यामुळे इथल्या बातमीदाराला वक्त्याची पहिली चार वाक्यं ऐकून उरलेलं भाषण लिहिता यावं लागतं. मी पहिली चार वाक्यं ऐकतो, डोळे मिटतो, भाषण आपोआप पुढे सरकतं, आणि टाळ्या झाल्या की मी डोळे उघडून लिहून काढतो. बावीस वर्षांत एकाही वक्त्याची तक्रार आलेली नाही. उलट पुष्कळांनी दुसऱ्या दिवशी घरी येऊन हात हातात घेतला आहे आणि म्हटलं आहे, "इतकं चांगलं बोललो होतो हे मला बोलताना कळलंच नाही."

हे कसब आहे. त्याला झोप म्हणणाऱ्यांचा मी निषेध करतो.

पहिल्या दुपारी 'मार्थाची ओंजळ' घेऊन झोपाळ्यावर पडलो. मार्था नावाची पोरकी मुलगी घागर घेऊन विहिरीवर जाते, इथून गोष्ट सुरू होते. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. अंगणातल्या लिंबातून वारा गाळून येत होता. मार्थाने घागर पाण्यात सोडली. घागर खाली गेली, आणखी खाली गेली, दोर काही संपेना, आणि विहिरीचं पाणी रुंद होत होत शहागडची गोदावरी झालं. काठाला एक होडी होती. वल्ही मारणारा पाठमोरा होता. कुठे नेतोस, असं मार्थाने त्याला विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. पाण्याखालून घंटेचा आवाज येत होता. तळाशी अख्खं देऊळ असावं आणि येणारा-जाणारा मासा घंटा वाजवून पुढे जात असावा. मार्थाने पाण्यात हात सोडला. तिच्या बांगड्या एकेक करून सुटल्या आणि तरंगत मागे राहिल्या, आणि ती हसली. असं हसू मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. दोन्ही तीर धूसर झाले. चंद्र उगवला, तोही पाण्यातूनच, निथळत.

"अहो, चहा निवून राह्यला!"

मी डोळे उघडले. पुस्तक छातीवर उघडं होतं, पान बासष्ट. म्हणजे एकसष्ट पानं वाचून झाली होती. हिशेब अगदी सरळ होता. (पानं वाऱ्यानेही उलटतात, हा विचार लॉजिकच्या परीक्षेत कधी आला नव्हता.)

"घोरत होते," सगुणाबाई म्हणाली.

"मी विचार करत होतो."

"विचाराचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन राह्यला होता."

मी वही ओढली आणि तिथल्या तिथे टिपण केलं: 'पृष्ठ ६२. नायिका अनोळखी पुरुषाबरोबर होडीतून पळून जाते. जाताना हसते.' मन मात्र जड झालं. एस्तेरबाईंकडून मला ही अपेक्षा नव्हती. त्या रोज सकाळी काळी छत्री घेऊन आमच्या दारावरून जातात. वरून किती साध्या दिसतात!

संध्याकाळी उमा जवळ येऊन बसली. तिने तेच पुस्तक शाळेतून आणून केव्हाच वाचलं होतं.

"अण्णा, पेरूचं प्रकरण वाचलं?"

"कसला पेरू?"

"मार्था आत्याच्या झाडाचा पेरू चोरते आणि मंग तिला झोप येत न्हाई. शेवटी अर्धा खाल्लेला पेरू नेऊन आत्याच्या हातात देते. मी तर रडले."

"पेरूबिरू काही नाही त्यात. होडी आहे."

"होडी?"

"उमा, तू पानं गाळून वाचतेस," मी कडक आवाजात म्हणालो. "ही सवय वाईट. माणसाने वाचावं तर नीट वाचावं."

उमा उठून आईकडे निघून गेली. मुलांना सत्य पचत नाही.

दुसऱ्या दुपारी 'डोंगरापलीकडची घंटा'. एका बोर्डिंगातल्या मुली पहाटे प्रार्थनेला रांगेने निघतात. रांग लांबत गेली. मुलींचे पांढरे पदर वाऱ्यावर आले, आणि बघता बघता रांगेतली पहिली मुलगी बगळा होऊन उडाली. मग दुसरी. मग सगळ्याच. जालन्यावरून पांढरी माळ सरकत गेली. खाली जिनिंगमधल्या कापसाने वर पाहिलं आणि तोही उडू लागला. आता कोण मुलगी आणि कोण कापूस, ते ओळखू येईना. गच्चीवर एक तरुण धर्मोपदेशक एकटाच सतार वाजवत बसला होता. त्याच्या सतारीवर एक बगळा उतरला आणि त्याने मान वाकडी करून विचारलं, "हा कोणता राग?" तो म्हणाला, "तुमच्याच नावाचा." मला तर तिथून उठावंसंच वाटेना. पान एकशे आठवर जाग आली. म्हणजे टिपण करायला उठलो.

तिसऱ्या दुपारी 'निळ्या काचेची खिडकी'. नायिका देवळातल्या, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या, निळ्या काचेतून बाहेर पाहते. सगळं गाव निळं होतं. बैल निळे, धूळ निळी, कुंडलिकेचं कोरडं पात्र निळ्या पाण्याने भरून वाहू लागलेलं. ती काचेतून पलीकडे गेली, पाण्यातून जावं तशी, आणि पलीकडे लग्न लागलं होतं. तिचंच. कपाळाला मुंडावळ्या होत्या. नवऱ्या मुलाला तोंड नव्हतं, नुसता फेटा. अक्षता हातात धरून गाव थांबलं होतं. नायिकेने मुंडावळ्या सोडल्या, हळूच फेट्याला बांधल्या, म्हणाली, "तुम्ही दोघं सुखी राहा," आणि नवरदेवाच्या घोड्यावर बसून राजूरच्या रस्त्याने निघून गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाह्या उमलत होत्या.

या पुस्तकाने माझा संताप शिगेला पोचला. ख्रिस्ती लग्नात मुंडावळ्या? बाईंना आपल्या समाजाच्या रीतीसुद्धा ठाऊक नसाव्यात? मी शनिवारभर बसून सतरा आक्षेपांचा अहवाल लिहिला. प्रत्येक आक्षेपाला पृष्ठांक दिला. लेखी मालाला पुरावा लागतो, हे मी नवख्या बातमीदारांना नेहमी सांगतो.

रविवारी सकाळी वाचनालय भरलं होतं. (परवानगीतला विषय पुन्हा वाळवीच.) कमिटी टेबलाशी बसली. एस्तेरबाईंनाही बोलावलं होतं. त्या छत्री मांडीवर आडवी धरून शांत बसल्या होत्या. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि पडद्याआड बायका आणि मुली. पडद्याखाली पावलांची रांग दिसत होती. त्यात उमाचे पैंजण मी ओळखले.

मी उभा राहिलो आणि वाचू लागलो. होडीपाशी आलो तेव्हा बद्रीनाथांनी तोंडातलं पान चघळायचं थांबवलं. बांगड्या पाण्यात सुटल्या तेव्हा काकासाहेबांनी चष्मा काढून पुसला. बगळ्यांपाशी पडद्याआड कोणीतरी "अगंबाई" म्हटलं. सतारीवर उतरलेला बगळा बोलला आणि मी अहवालात लिहिल्याप्रमाणे 'हा संवाद कोवळ्या मनांस घातक आहे' असं म्हणालो.

"मंग तो काय म्हनला?" बद्रीनाथ पुढे वाकून म्हणाले.

"ते आक्षेप अकरामध्ये येईल."

"मंग अकराच वाचा ना जल्दी!"

घोडा राजूरच्या रस्त्याला लागला आणि अहवाल संपला. मी कागद मिटले. बद्रीनाथांनी मोठा सुस्कारा टाकला.

"हाय का न्हाई? म्या आधीच म्हनलं होतं. लई खराब. लईच खराब." आणि थोडं थांबून, "त्यो फेटेवाला मंग तसाच उभा राह्यला का?"

एस्तेरबाईंनी छत्री बाजूला ठेवली.

"गिरिधरराव, पान बासष्ट वाचून दाखवता का? अहवालातलं नको. पुस्तकातलं."

मी पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली: "'मार्थाने मोजा विणायला घेतला. तीन टाके निसटले. तिने ते उसवले आणि पुन्हा…'" मी थांबलो. मागचं पान पाहिलं. पुढचं पाहिलं. सगळीकडे मोजाच होता. पुढच्या प्रकरणात तो पुरा झाला होता आणि एका म्हाताऱ्याच्या पायात गेला होता.

"ही आवृत्ती निराळी दिसते," मी म्हणालो.

"आवृत्ती एकच निघाली. मुद्रितं मीच तपासली." बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "आणि मुंडावळ्या तर माझ्या आईनेही कधी बांधल्या नाहीत, मी कुठून लिहू?"

"तुम्ही ते प्रकरण गाळलं असेल!"

"छापताना, की पुस्तक तुमच्या हातात असताना?"

पडद्याआडून हसू फुटलं. त्यात एक ओळखीचा आवाज कळवळून म्हणाला, "अण्णा, पेरू! मी सांगितलं होतं!"

मला वाटलं, संपलं सगळं. पण नाही. बद्रीनाथ माझ्या बाजूने उठले.

"ऐका माझं. बावीस वर्षांचा बातमीदार. गिरिधरराव भांडकुदळ हायेत, पर खोटं लिहिणार न्हाईत. या पानावर नसंल तर दुसऱ्या पानावर असंल. आता कोण धुंडाळत बसतंय? काकासाहेब, कबूल केलं होतं. पेटी वापस, गुरुवार बंद."

काकासाहेबांनी टाक दौतीत बुडवला.

बावीस वर्षांत कोणी माझ्यावर एवढा विश्वास टाकला नव्हता. मी नुसता गप्प बसलो असतो तरी जिंकलो असतो. पडद्याखालची पावलं अगदी स्तब्ध झाली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग टाकाकडे पाहिलं. शाईचा थेंब टोकाला जमून कागदावर उतरायच्या बेतात होता.

"थांबा," मी म्हणालो. "पुस्तकात यातलं काही नाही. मी झोपलो होतो."

"तिन्ही दिवस?" काकासाहेबांनी विचारलं.

"तिन्ही दिवस. प्रत्येकातली चार-चार पानं वाचली. बाकी स्वप्न."

काकासाहेबांनी टाक खाली ठेवला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"गिरिधरराव, सहा वर्षांमागं गणेशोत्सवात माझं भाषण झालं होतं. तुम्ही अख्खं छापलं होतं. त्यातला तो समुद्राचा दृष्टांत…"

मी मान खाली घातली.

"तोही?"

"तोही."

"मी तो सहा वर्षं कोर्टात वापरून राह्यलो," काकासाहेब क्षीण आवाजात म्हणाले. "मला वाटायचं, मला कसा सुचला?"

पुढचं काम पाच मिनिटांत उरकलं. कमिटीने ठराव केले. एक: तिन्ही कादंबऱ्या मुलींना योग्य आहेत. दोन: गुरुवार चालू राहील. बद्रीनाथांनी दोन्हींना हात वर केला, कारण ते अजून फेटेवाल्याच्या विचारात होते. आणि तीन: प्रस्तुत अहवाल कोवळ्या वयाच्या वाचकांस सर्वस्वी अयोग्य असून तो अध्यक्षांच्या कपाटात कुलूपबंद ठेवावा. अठरा वर्षांखालील कोणासही देऊ नये. हा ठराव मंजूर होताच पडद्याआडून निषेधाचा जो गलका उठला, तो मी माझ्या साप्ताहिकात छापलेला नाही.

तेव्हापासून उमा माझ्याशी बोलते, पण विषय एकच. "अण्णा, त्या बगळ्याचं पुढं काय झालं? शेजारच्या तुळजाबाईंची मुलगी विचारत होती. आमचा अख्खा वर्ग विचारतो." कादंबऱ्या मुली आवडीने वाचतात, रडतात, पेरू परत करतात. पण काकासाहेबांच्या कपाटाची किल्ली कुठे असते, याचा शोध दर गुरुवारी चालू असतो. बद्रीनाथांचं वय अठराच्या वर असल्याने ते मात्र अहवाल दोनदा घरी घेऊन गेले.

मी जाहीर खुलासा लिहायला घेतला होता. एक बातमीदार चुकू शकतो, पण त्याचा हेतू, वगैरे वगैरे. दीड पान झालं होतं. तेवढ्यात मिशनच्या शाळेतून चिठ्ठी आली. एस्तेरबाईंचं अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं सुबक आहे.

'स. न. वि. वि. नवीन कादंबरी लिहायला घेतली आहे. नायिका शाळा सोडून घरी निघते, वाटेत नदी लागते, इथपर्यंत तीन प्रकरणं झाली. पुढे मला काही सुचत नाही. सोबत हस्तलिखित पाठवत आहे. पहिली चार पानं वाचून आपण दोन तास पडाल काय? मुंडावळ्या तेवढ्या वगळाव्यात.'

अपमान! बावीस वर्षांच्या लेखणीचा घोर अपमान! मी चिठ्ठी सगुणाबाईच्या हातात दिली आणि म्हणालो, "वाच! वाच, आणि सांग मला, याला काय उत्तर द्यावं!"

तिने चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. मग उशीचा अभ्रा बदलला, खिडकी ओढून घेतली, आणि अंगणात दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या उमाला दारातूनच दटावलं:

"हळू गं! तुझे अण्णा काम करून राह्यले."